फाल्सिपेरम मलेरिया, आयसीयू आणि नंतरचे ४ आठवडे - माझा अनुभव

आफ्रिकेत साईटवर होतो, ८ महिने झाले होते. सुरुवातीचे ३ महिने मलेरियाच्या गोळ्या नेमाने घेतल्या मग सोडल्या, कारण जुने लोक म्हणाले अंगाला सवय होते. सवय बिवय काही होत नाही हो! तिथेच लहानाचे मोठे झालेल्यांना सारखा सारखा होऊन थोडी प्रतिकारशक्ती येते, आपल्यासारख्या बाहेरून गेलेल्यांना कुठली.

ताप आला, ३ दिवस पॅरासिटामॉलवर काढले. हे ३ दिवसच महागात पडले. चौथ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी, डोळे पिवळे, आणि मी रूममेटला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होतो म्हणे, मला काही आठवत नाही. त्यानेच गाडीत घालून नेलं. रिपोर्ट आला फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार, १२ टक्के लाल पेशींत जंतू. १० च्या वर गेलं की बाकी काही नसलं तरी सीव्हिअर धरतात, माझं तर क्रिएटिनिनपण (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) ३ च्या वर होतं, थेट आयसीयू.

आर्टेसुनेट, म्हणजे मलेरियाचं इंजेक्शन, सुरू झालं, किलोमागे २.४ मिलिग्रॅम, पहिला डोस, मग १२ तासांनी, २४ तासांनी, नंतर रोज एक. सिस्टर बाटलीतली पांढरी पावडर विरघळवून उजेडात धरून बघायच्या, पूर्ण नितळ झाली की मगच शिरेतून द्यायच्या. शुगर अचानक पडते म्हणून सारखं बोट टोचायचे. घसा कोरडा पडायचा पण सलाईन मोजूनच, जास्त झालं तर फुफ्फुसात पाणी भरतं, तेव्हा मला फार राग यायचा त्याचा. जंतू १२ टक्क्यांचे ४ झाले, मग १ च्या खाली. पुढे ३ दिवस गोळ्या आणि डिस्चार्ज.

आता जे कुणी फारसं सांगत नाही ते. बाराव्या दिवशी जिना चढताना धाप लागली, हिमोग्लोबिन १०.२ वरून ७.१. औषधाने मेलेला जंतू प्लीहा पेशीतून काढून टाकते, ती पेशी परत रक्तात फिरते पण तिचं आयुष्य कमी झालेलं असतं, आठवड्या दोन आठवड्यांनी अशा पेशी एकदम फुटायला लागतात. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं, ४ आठवडे दर आठवड्याला हिमोग्लोबिन, म्हणून वेळेवर कळलं. रक्त चढवावं लागलं नाही, २८ व्या दिवशी ९.८ आलं.

त्याच संध्याकाळी रूममेटला फोन केला आणि पहिलं विचारलं, आजची गोळी घेतलीस का रे.