तानिसची चांदी

कैरोत पाऊल ठेवलं की तानिस, इजिप्तच्या उत्तरेतली एक जुनी राजधानी, भेटतंच, तिचं नाव कधी ऐकलेलं नसलं तरी. गिझाच्या नव्या ग्रँड इजिप्शियन म्युझियमच्या दारात रामसेस दुसऱ्याचा एक ओबेलिस्क, म्हणजे टोकदार दगडी स्तंभ, उंच खांबांवर तोलून धरलाय. त्याच्याखालून जाताना मान वर केली की तळाला कोरलेलं राजाचं नाव दिसतं. तो दगड तानिसचा. तहरीर चौकाच्या मधोमध २०२० मध्ये उभा राहिलेला ओबेलिस्कही तिथलाच. माणसं त्याच्यासमोर फोटो काढतात, रस्ता ओलांडतात आणि जुन्या गुलाबी म्युझियममध्ये शिरतात. तानिसच्या राजांचं सोनं-चांदी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर आहे आणि मी या हिवाळ्यात इजिप्तला गेले ती मुख्यतः त्यासाठी.

तुतनखामूनची कबर ठाऊक नाही असा माणूस विरळा. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या पाच हजारांहून जास्त वस्तू गिझाला एकत्र मांडल्या आहेत. त्या पाहाव्यात, जरूर पाहाव्यात. पण मुखवटा तिकडे गेल्यापासून 'आता तहरीरला काय उरलं?' असं बरेच जण विचारतात. १९०२ पासून उभ्या असलेल्या त्या वास्तूत खूप काही आहे. त्यातही तानिसच्या वस्तूंसमोर मी जितका वेळ उभी राहिले तितका वेळ इजिप्तमध्ये दुसऱ्या कशासमोरही राहिले नाही.

आधी शवपेटी. प्सुसेन्नेस पहिला हा एकविसाव्या घराण्यातला राजा. इ.स.पू. ९९१ च्या सुमारास तो वारला तेव्हा चाळीसहून अधिक वर्षं गादीवर होता. त्याची मनुष्याकृती शवपेटी सबंध चांदीची आहे. छातीवर दुमडलेले हात, हातांत राजचिन्हं, अंगभर पिसांची नक्षी आणि कपाळावर तेवढी सोन्याची पट्टी आणि सोन्याचा नाग. चांदीवर प्रकाश पडतो तो सोन्यासारखा उसळत नाही, आत मुरतो. त्यामुळे चेहऱ्याची ठेवण आधी दिसते आणि धातू नंतर. मला तुतनखामूनच्या सोन्यापेक्षा हा चेहरा जास्त आवडला, हे स्पष्टच सांगते.

या चांदीचं मोल कळायला थोडी पार्श्वभूमी हवी. सोनं इजिप्तकडे होतं. पूर्वेच्या वाळवंटात होतं, दक्षिणेला नुबियात होतं. चांदी मात्र बहुतांशी बाहेरून, पश्चिम आशिया आणि एजियन समुद्राकडून यायची. फार जुन्या काळी तर ती सोन्याहून महाग होती. प्सुसेन्नेसच्या काळापर्यंत ती तितकी दुर्मीळ राहिली नव्हती, पण राजाचं सबंध शरीर झाकेल एवढी चांदी एका जागी जमवणं ही तेव्हाही मोठीच गोष्ट होती. इजिप्शियन समजुतीप्रमाणे देवांचं मांस सोन्याचं, हाडं चांदीची आणि केस लाजवर्द या निळ्या दगडाचे. चांदीच्या पेटीच्या आत राजाच्या चेहऱ्यावर सोन्याचा मुखवटा होता, भुवयांत लाजवर्द होता. म्हणजे देवाचा देह जसा असायला हवा तसाच तो इथे घडवला होता.

तो मुखवटा शेजारीच आहे. उंची ४८ सेंटिमीटर. ठोकून पातळ केलेल्या सोन्याच्या पत्र्याचे दोन भाग जोडलेले, आणि मागच्या बाजूने पाहिलं तर जोडाचे खिळे दिसतात. तुतनखामूनच्या मुखवट्यावर रंगीत पट्ट्यांची गर्दी आहे. इथे जवळजवळ सगळं सोनंच, डोळ्यांत काळी-पांढरी काच आणि भुवयांना निळा दगड, बस. शिवाय हाता-पायांच्या बोटांवर चढवलेल्या सोन्याच्या टोप्या, सोन्याच्या चपला, अंगठ्या, कडी, मण्यांचे जाड हार. राजाचा देह मात्र गेला. तानिस नदीच्या त्रिभुज प्रदेशात आहे, जमीन ओली. लाकूड, कापड, कातडी सगळं कुजलं. धातू, दगड आणि हाडं राहिली. ती हाडं डग्लस डेरी या शरीररचनातज्ज्ञाने तपासली. तुतनखामूनची ममी तपासणारा तोच. राजा म्हातारा होऊन गेला होता, पाठ संधिवाताने धरली होती, दात खराब झाले होते. मुखवट्यावरच्या तुकतुकीत तरुण चेहऱ्याकडे हे माहीत असताना पाहिलं की तो राजा माणूस वाटायला लागतो.

या खजिन्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते निराळंच. यातलं बरंच काही मुळात ज्याच्या कबरीत सापडलं त्याचं नाहीच.

चांदीची पेटी होती काळ्या ग्रॅनाइटच्या मनुष्याकृती शवपेटीत. ती एकोणिसाव्या घराण्याच्या काळातल्या एका बड्या अधिकाऱ्याची. ती पेटी ठेवली होती गुलाबी ग्रॅनाइटच्या प्रचंड शवपेटीत आणि ती होती मेरेनप्ताह राजाची, रामसेस दुसऱ्याच्या मुलाची. तो प्सुसेन्नेसच्या दोनशे वर्षं आधीचा. त्याला पुरलं होतं थेट दक्षिणेला, राजांच्या खोऱ्यात. तिथून ही पेटी नाईलवरून उत्तरेला आणली, मेरेनप्ताहची नावं खोडून प्सुसेन्नेसची कोरली. एका ठिकाणी मात्र जुनं नाव तसंच राहिलंय. झाकणाच्या आतल्या बाजूला आकाशदेवता नूत उठावात कोरली आहे, अंग ताणून पसरलेली, आत निजलेल्या राजाकडे पाहणारी. एका राजासाठी कोरलेलं आकाश दोनशे वर्षांनी दुसऱ्याच्या वाट्याला आलं.

याच कबरीत रामसेस दुसऱ्याच्या नावाची काशाची शेगडी मिळाली. एका हारात लाजवर्दाचा एक मणी आहे, त्यावर चित्रलिपी नाही तर क्यूनिफॉर्म, म्हणजे मेसोपोटेमियातल्या लिपीची अक्षरं आहेत. एका असिरियन उच्चाधिकाऱ्याने आपल्या थोरल्या मुलीसाठी देवांना केलेलं निवेदन. लाजवर्द निघायचा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरात. तिथून मेसोपोटेमिया, तिथे कुणा मुलीच्या नावाने देवाला अर्पण, मग कुठल्याशा वाटेने इजिप्त आणि शेवटी एका राजाच्या गळ्यात. तो मणी शोधायला मला काचेवर बराच वेळ नाक टेकवावं लागलं. सापडला तेव्हा शेजारच्या जर्मन बाईंना बोट दाखवून दाखवला. त्यांनी त्यांच्या नवऱ्याला दाखवला.

पुढे शेशोंक दुसरा. याची शवपेटीही चांदीची, पण तोंड बहिरी ससाण्याचं. हा राजा होऊन गेला हेच कबर उघडेपर्यंत कुणाला माहीत नव्हतं. त्याच्या हातात होरस देवाच्या डोळ्याचं चिन्ह असलेली कड्यांची जोडी होती. ती घडवली होती शेशोंक पहिल्यासाठी. वडिलोपार्जित दागिने पुढच्या पिढीच्या अंगावर चढतात ते आपल्याकडेही पाहिलेलं असतं, म्हणून ही कडी मला परकी वाटली नाहीत.

कबरींच्या या समूहात एका सेनापतीलाही जागा मिळाली होती. त्याचं नाव उंजेबाउएंजेद. त्याची एक थाळी आहे, मध्यभागी फूल आणि भोवती मासे, बदकं, कमळं यांच्यामधून पोहणाऱ्या मुली. ही राजा प्सुसेन्नेसने त्याला दिलेली भेट, तसं थाळीवरच कोरलंय. राजांच्या कबरीतल्या वस्तू पाहताना बहुतेक वेळा देवांची आणि परलोकाचीच चाहूल लागते. या थाळीत नुसता उन्हाळ्यातल्या पाण्याचा आनंद आहे.

हे सगळं सापडलं कसं, ते ऐकण्यासारखं आहे. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर माँते १९२९ पासून तानिसला खणत होते. फेब्रुवारी १९३९ मध्ये, आमोन देवाच्या देवळाच्या आवारात, उत्तरकालीन कच्च्या विटांच्या बांधकामाखाली त्यांना दगडी छत लागलं. पहिली कबर ओसोरकोन दुसऱ्याची, चोरांनी धुतलेली. मार्चच्या मध्यावर शेजारची कबर मिळाली. भिंतीवर प्सुसेन्नेसचं नाव, आणि पुढ्यात ससाण्याच्या तोंडाची चांदीची पेटी, अनोळखी शेशोंकची. राजा फारूक स्वतः पाहायला आला. त्याच आठवड्यात हिटलरचं सैन्य प्रागमध्ये शिरलं होतं. युरोपच्या वर्तमानपत्रांना इजिप्तकडे पाहायला सवड नव्हती. प्सुसेन्नेसची खोली ग्रॅनाइटचे दगड ठोकून बंद केलेली होती. ती उघडून शवपेटीपर्यंत पोचायला फेब्रुवारी १९४० उजाडलं. एप्रिलमध्ये त्याच्यानंतरचा राजा अमेनेमोपे सापडला, आणि मे महिन्यात जर्मनीने फ्रान्सवर हल्ला केल्यावर माँते घरी परतले. सेनापतीची खोली युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, उघडली. न लुटलेल्या राजांच्या कबरी इजिप्तमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातल्या तीन इथे एकाच छताखाली, आणि तरी तानिसचं नाव कानावर नसण्याचं कारण हे युद्धच.

दुसऱ्या टप्प्यात आम्ही तानिसला गेलो. आज त्या गावाचं नाव सान अल-हगर, शर्किया प्रांतात. कैरोहून गाडी केली. झगाझीग आणि फाकूसवरून वाट जाते. वाळवंट नाहीच; कालवे, संत्र्याच्या बागा, गुडघाभर बरसीमची हिरवीगार शेतं, गाढवगाड्यांवर चाऱ्याचे भारे. सांगलीकडच्या माणसाला इजिप्तचं हे रूप अनपेक्षित वाटेल आणि तितकंच ओळखीचंही.

मग शेतं संपतात आणि पिंगट मातीचं विस्तीर्ण टेकाड सुरू होतं. त्यावर ग्रॅनाइट पसरलाय. आडवे ओबेलिस्क, तुटके खांब, रामसेसच्या पुतळ्यांचे धड आणि पाय. अलीकडच्या वर्षांत काही पुतळे आणि ओबेलिस्क जोडून पुन्हा उभे केलेत. वाऱ्यात ते पाहताना या जागेचा मूळ डौल थोडा कळतो. रामसेसचं नाव इथे इतक्या दगडांवर आहे की त्याची राजधानी पी-रामसेस हीच, असं माँतेंना शेवटपर्यंत वाटत होतं. खरी पी-रामसेस इथून दक्षिणेला, कंतीरजवळ. तिथला नाईलचा फाटा गाळाने भरला, बंदर निकामी झालं, राजधानी उठली. एकविसाव्या घराण्याच्या राजांनी तिथले दगड ओढून आणून आपलं नवं शहर उभारलं. शवपेटी उसनी, कडी उसनी, शेगडी उसनी, आणि शहरही. त्या काळी देश दुभंगलेला होता. उत्तरेला तानिसचे राजे, दक्षिणेला थीब्जमध्ये आमोनचे महापुजारी, आणि नुबियाचं सोनं हातातून गेलेलं. याच काळात राजांच्या खोऱ्यातल्या ममी बाहेर काढून दुसरीकडे लपवल्या गेल्या आणि त्यांच्या अंगावरचं सोनं पुन्हा व्यवहारात आलं. काही अभ्यासक याला सरकारी लूट म्हणतात. मला तो शब्द अपुरा वाटतो. मेरेनप्ताहच्या झाकणाखालची नूत कुणी छिन्नीने उडवली नाही; तिच्याखाली आपल्या राजाला निजवलं. तिच्यावर विश्वास असल्याशिवाय हे होत नाही.

कबरी देवळाच्या नैऋत्य कोपऱ्यात आहेत. राजांच्या खोऱ्यातल्यासारखे लांबच लांब बोगदे डोक्यात असतील तर इथे आश्चर्य वाटेल. खोल्या लहान, जमिनीत खाली बसवलेल्या, दगडही जुन्या इमारतींचे. कबरी देवळाच्या आवारातच का, याचं उत्तर समोर दिसतं. भोवती कच्च्या विटांची जाडजूड तटबंदी, आत पुजाऱ्यांचा सतत वावर. एकाकी डोंगरापेक्षा हा पहारा भरवशाचा. पुढे देऊळ ओस पडलं, वर घरं उठली, आणि खाली कुणी निजलंय हेच लोक विसरले. राखणीपेक्षा त्या विसरण्यानेच प्सुसेन्नेसला वाचवलं.

गफीर, म्हणजे तिथले राखणदार, वयस्क गृहस्थ होते. माझं अरबी सलामापुरतंच, पण त्यांनी ओसोरकोनच्या कबरीकडे हात करून 'जदीद, जदीद' म्हटलं. नवीन. कारण मला ठाऊक होतं. १९३९ मध्ये माँतेंनी जी लुटलेली म्हणून मागे सोडली, त्याच कबरीतल्या उत्तरेच्या खोलीत ऑक्टोबर २०२५ मध्ये फ्रेंच पथकाला गाळात २२५ उशब्ती मिळाल्या. उशब्ती म्हणजे परलोकात राजाच्या वतीने काम करणाऱ्या लहान मूर्ती. त्या ओळीने, मांडल्या तशा जागेवर होत्या, बिननावाच्या एका ग्रॅनाइट शवपेटीशेजारी. मूर्तींवर नाव निघालं शेशोंक तिसऱ्याचं. या राजाने तर याच आवारात स्वतःची वेगळी कबर बांधली होती. मग त्याला इथे, दुसऱ्याच्या कबरीत, का पुरलं? वारसांच्या भांडणातून की चोरांच्या भीतीने, यावर पथकाचं काम चालू आहे.

जाणार असाल तर दोन गोष्टी. आधी तहरीरचं म्युझियम बघा आणि मग सान अल-हगर. वस्तू डोळ्यांत असल्या की त्या रिकाम्या खोल्या बोलतात. आणि कैरोहून भल्या पहाटे निघा, पूर्ण दिवस राखून ठेवा, पाणी आणि टोपी बरोबर घ्या. टेकाडावर सावली मिळत नाही.