माळवदाचं घर पावसात किती टिकेल?

मंगळवेढ्याकडचं बारा खणी (खांबांमधले बारा गाळे असलेलं) माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छपराचं घर उतरवून मुळशीत पुन्हा उभं करायचं, असं काम आलं होतं. लाकूड उत्तम, खांब सागवानी, मालकांची हौस दांडगी. अडचण पावसाची. मंगळवेढ्याकडे वर्षाला 500-600 मिमी पडतो. मुळशीत धरणाच्या वरच्या अंगाला 3000 च्या पुढे. होकार देण्याआधी चेन्नईचं दक्षिणचित्र, म्हणजे हलवून आणलेल्या जुन्या घरांचं संग्रहालय, बघून यायचं ठरलं, आणि मुद्दाम नोव्हेंबरात. तिथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. कोरड्या दिवशी कुठलंही जुनं घर देखणंच दिसतं.

ईस्ट कोस्ट रोडवर मुत्तुकाडूला दहा एकरांत हे संग्रहालय 1996 पासून उभं आहे. मांडणी वास्तुविशारद लॉरी बेकर यांची. तमिळनाडू, केरळ, कर्नाटक आणि आंध्रकडची घरं इथे आहेत. मालकांनी पाडायला काढलेली घरं विकत घ्यायची, तुकडे सुटे करायचे आणि त्या त्या भागातल्याच कारागिरांकडून पुन्हा जोडून घ्यायची, अशी इथली रीत. (मंगळवारी बंद असतं. तिकीट काढायच्या आधी वार बघा.)

सकाळपासून पाऊस लागलेला. आमच्याबरोबरचे सुतारमामा थेट केरळच्या घरांकडे वळले. पुदुपल्लीचं सीरियन ख्रिस्ती घर साधारण 1850 चं, जवळपास सगळं लाकडाचं. अशा घरात खरं सामान म्हणजे लाकडाचा सांगाडा. तो सुटा होतो, ट्रकवर चढतो, पुन्हा बसतो. भिंतीचं तसं नसतं. माती किंवा चुन्याची भिंत उतरवली की ढिगारा होतो, ती नव्यानेच घालावी लागते. म्हणून हलवलेल्या घराचं वय बघायचं तर गिलावा बघू नका, सांधे बघा.

पण आमचा डोळा पावळणीवर होता. उताराचं कौलारू छप्पर आणि भिंतीच्या बरीच पुढे आलेली त्याची कड, तीच पावळण. अशी पावळण अडीच-तीन फूट बाहेर असली की पागोळ्या जोत्यापासून लांब पडतात, उडालेला चिखल भिंतीला लागत नाही. केरळात 3000 मिमीला तोंड देणाऱ्या या छपराला चेन्नईचा 1400 मिमी पाऊस काहीच नाही. इथे धोका वाऱ्याचा. कौल रिपेला (खालच्या आडव्या लाकडी पट्टीला) नुसतं नाकाने अडकलेलं असतं. वादळाचा वारा पावळणीखाली शिरला की शेवटच्या दोन ओळी आधी उचलतो. किनाऱ्याजवळ बांधताना त्या ओळी आणि आढ्याची कौलं तांब्याच्या तारेने रिपेला बांधावीत. लोखंडी तार खाऱ्या हवेत फार काळ टिकत नाही.

मग इरकलचं विणकराचं घर. बागलकोट जिल्ह्यातलं इलकल म्हणजे आपल्या आज्यांच्या इरकली लुगड्यांचं गाव. त्या कोरड्या मुलखातल्या घरांच्या भिंती दगडी आणि छप्पर सपाट मातीचं, म्हणजे आपलं माळवदच. मामा दारात उभे राहून वर बघत म्हणाले, "साहेब, हे घर आपल्या सोलापूरचंच की हो. पण इथं दुसऱ्याचा पाऊस खातंय."

माळवद आतून कसं असतं ते सांगतो. तुळयांवर फूट-फूट अंतराने कड्या (बारीक आडवी लाकडं), त्यांवर किलच्या (लाकडाच्या चिपा) किंवा फळ्या, त्यांवर पाल्याचा थर, आणि वर नऊ इंच पांढरी माती धुमसून बसवलेली. पन्हळीकडे थोडा ढाळ. ही माती पाणी अडवत नाही, पिते. सर आली की वरचा इंच-दोन इंच फुगून घट्ट होतो, आतला थर कोरडा राहतो. ऊन पडलं की वरचं वाळतं. दोन सरींमध्ये ऊन मिळतंय तोवर हे गणित जमतं. सलग चार-पाच दिवस झड लागली की ओल पाल्यापर्यंत उतरते, पाला कुजतो, मग किलच्या, आणि शेवटी कड्यांची भिंतीत शिरलेली टोकं. टोकं आधी जातात, कारण तिथे वारा नसतो.

वजनाचा हिशेब वेगळाच. नऊ इंच धुमसलेली माती चौरस फुटाला साधारण 35 किलो. पाच बाय दहाच्या एका खणावर पावणेदोन टन; भिजली की दोनच्या वर. दर उन्हाळ्यात नवी माती टाकायची आणि जुनी खरवडायची नाही, या सवयीने थर दीड फुटावर जातो, खणावर साडेतीन टन येतात. कडी वाकलेली दिसली की लोक लाकडाला नावं ठेवतात. दोष वरच्या मातीचा असतो.

मालकांच्या आर्किटेक्टने सुचवलं होतं की मातीखाली सिमेंटचा स्लॅब घालून टाकू. त्याने पाणी वरून थांबेल, पण स्लॅबचं वजन कड्यांवरच येणार आणि खालून चढलेली दमट हवा स्लॅबच्या पोटाला अडून कड्या काळ्या पडणार. वर दोन फूट उंचीवर, वेगळ्या खांबांवर कौलारू छप्पर घालणं मला जास्त पटतं. मधून वारा खेळतो, माळवद कोरडं राहतं. दिसायला मात्र ते माळवदाचं घर उरत नाही. मालकांना नेमकं तेच नको होतं.

परत येताना कळवलं की मुळशीत हे घर छपराशिवाय घेणार नाही. दोन आठवडे रुसवेफुगवे झाले, मग त्यांनीच फलटणकडची आपली जमीन दाखवली. पाऊस 500 च्या आसपास. लगेच हो म्हटलं.

उतरवण्याची रीत ठरली. आधी माती, सगळ्या खणांवरून सारखी कमी करत, नाहीतर भार एकीकडे जाऊन चौकट मुरडते. प्रत्येक खणाचे दोन्ही कर्ण मोजून ठेवायचे. नंबर खडूने नाही, पत्र्याच्या बिल्ल्यांवर ठोकून, तुकड्याच्या न दिसणाऱ्या बाजूला, उत्तर दिशेच्या खुणेसकट. खुंट्या निमुळत्या टोकाकडून, मध्ये लाकडी ठोकळा धरून बाहेर काढायच्या. लाकूड जमिनीपासून फूटभर वर, थरांमध्ये इंचाच्या रिपा घालून, सावलीत.

आणि माती फेकायची नाही. 600 चौरस फुटांवरची नऊ इंच म्हणजे साडेचार ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). चाळून, पोत्यांत भरून, लाकडाच्या आधी तीच फलटणला जाईल.