एकेरी

गेली बावीस वर्षं मी पुण्यातल्या एका दैनिकात मुद्रितशोधक आहे. निवडणुकीच्या दिवसांत माझं निम्मं काम एकच असतं, एकेरी माणसाला उचलून अनेकवचनात नेऊन बसवायचं. तालुक्याच्या बातमीदाराकडून मजकूर येतो, ‘सभेला उशीर झाल्याने नेता गाडीतूनच हात हलवत निघून गेला.’ मी ‘नेता’चा ‘नेते’ करतो, ‘गेला’चा ‘गेले’. बातमीदाराचं चुकत नाही. तो मैदानात लोकांमध्ये उभा असतो आणि तिथे ऐकू येतं तसंच त्याच्या हातून उतरतं.

याचे आमच्याकडे नियम आहेत. कुठे छापलेले नाहीत, पण सगळ्यांना पाठ आहेत. पुढारी असेल तर ‘यांनी’. खेळाडू एकेरी, म्हणून सचिनने शतक ठोकलं. पण २०१२ मध्ये तोच सचिन राज्यसभेत गेला आणि एका रात्रीत ‘तेंडुलकर यांनी शपथ घेतली’ झाला. आरोपी एकेरी. पुढारीच आरोपी झाला तर डेस्कवर पंधरा मिनिटं वाद होतो आणि शेवटी बहुधा ‘यांना अटक’ असंच जातं. कोर्टात मिळेल तेव्हा मिळेल, व्याकरणात जामीन आधीच मिळालेला असतो.

एकदा माझ्या हातून एका फोटोओळीत मंत्र्यांपुढचं ‘आले’ ‘आला’ असं सुटलं होतं. एका मात्रेचा काना झाला एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपासून फोन. पानभर जाहिरात उलटी छापली असती तरी एवढे आले नसते.

माझं मत मात्र अजून साताऱ्यात आहे. पुण्यात नाव हलवायचं दर निवडणुकीला ठरतं आणि दर निवडणुकीला राहतं. २०२४ ला साताऱ्याचं मतदान ७ मे रोजी, मंगळवारी होतं. मी शनिवारी रात्रीच गेलो आणि रविवारी सकाळी राजवाड्याजवळच्या आमच्या नेहमीच्या सलूनमध्ये नंबर लावून बसलो. सोमवारी सलून बंद, त्यामुळे मतदानाच्या आधी दाढी-कटिंग करायची तर रविवारीच. बाकावर पाचजण, खुर्चीत एक, आणि कात्री चालवणारे तात्या. मी पेपरात आहे म्हणून मला तिथे ‘पत्रकार’ म्हणतात. मी काय करतो ते एकदा समजावून सांगितलं होतं, तेव्हा तात्या म्हणाले होते, “म्हंजे आमच्यासारखंच की. वाढलेलं कापायचं.”

त्या बाकावर पंतप्रधानांपासून पंचायत समितीच्या सभापतीपर्यंत सगळे एकेरी. ‘मोदी येतोय का परत?’ ‘येतोय की.’ ‘राहुल ह्या बारीला बरा बोलाय लागलाय.’ ‘चालतोय बी लई.’ यात अपमान असतो असं ऐकणाऱ्याला वाटेल, पण तसं नाही. मोदींचा कट्टर मतदारही ‘मोदीच पाहिजे, दुसरा हायच कोण?’ असंच म्हणतो. आपण विठोबाला ‘तू’ म्हणतो, आईला ‘तू’ म्हणतो. ‘मोदीजी’ म्हणणारा साताऱ्यात भेटला तर तो पदाधिकारी समजावा. ते ‘जी’ वरून येतं, जिल्हा कार्यालयामार्फत, बिल्ले आणि उपरण्यांच्या बरोबर.

एकेरीतही फरक असतात, आणि बावीस वर्षं हेच तपासत बसल्यामुळे माझ्या कानाला ते लगेच कळतात. ‘तो येणार’ यात भरवसा असतो. ‘तो काय येतोय’ यात राग असतो. आणि ‘ते काय बोलले, आम्हाला कळलं नाही बुवा’ असं अनेकवचन कुणी अचानक काढलं, की समजायचं, गडी आतून तुटलाय. नवरा-बायकोचं बिनसल्यावर घरात जसं ‘अहो-जाहो’ कडक होतं, तसंच हे.

याच्याही पलीकडे आमच्याकडे एक नपुंसकलिंग आहे. १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात शरद पवारांची सभा भर पावसात झाली. त्यांनी छत्री घेतली नाही, लोकसभेला उमेदवार निवडताना आपली चूक झाली असं म्हणाले, आणि बोलत राहिले. पोटनिवडणूक होती. दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात मी ‘पवार यांनी भिजत भाषण केले’ असं नीट लावून दिलं. त्याच आठवड्यात साताऱ्याला गेलो, तर तात्या म्हणाले, “म्हातारं भिजलं की हो.” माझ्या छापील ‘यांनी’त जे आलं नव्हतं ते सगळं या ‘भिजलं’मध्ये होतं. ‘भिजला’ म्हणजे नुसती बातमी, ‘भिजले’ म्हणजे कार्यालयाचं पत्रक. घरातल्या पोराला ‘पोरगं’ आणि आजारी माणसाला ‘बिचारं’ म्हणतात, त्या लिंगात एखादा पुढारी जाऊन बसला की समोरच्या उमेदवाराने जपून राहावं. त्या पोटनिवडणुकीत उदयनराजे ८७ हजारांहून जास्त मतांनी हरले. ‘राजे पडले’ असं सगळं शहर म्हणत होतं. साताऱ्यात राजे पडले तरी अनेकवचनातच पडतात, त्यांना मत न देणारासुद्धा ‘महाराज’ म्हणूनच देत नाही.

आजोबांच्या तोंडी ‘साहेब’ म्हणजे यशवंतराव चव्हाण, दुसरं कुणी नाही. १९७७ ला देशभर काँग्रेस आपटली तरी साताऱ्याने साहेबांना निवडून दिलं होतं. इंदिरा गांधींना आजोबा ‘बाई’ म्हणत आणि बाईंचं क्रियापद साल बघून बदलत असे. ‘बाई आल्या होत्या’ म्हणजे १९७१ चं बोलणं, गरिबी हटाओ, गाय-वासरू. ‘बाईनं आणीबाणी आणली’ म्हणजे १९७७. रायबरेलीत खुद्द बाई हरल्याचं रेडिओवर ऐकून आजोबा ‘पडली’ एवढंच म्हणाले होते, असं आत्या सांगते. तीन वर्षांनी ३५३ जागा घेऊन बाई परत आल्या, तेव्हा आजोबांचं क्रियापदही निमूट परत आलं.

तोंडच्या क्रियापदावरून मत ओळखता येतं, हा माझा सिद्धांत इथवर चोख चालतो आणि वाजपेयींपाशी अडकतो. वाजपेयींना एकेरीवर घेतलेलं मी फारसं ऐकलेलं नाही. विरोधकसुद्धा ‘माणूस चांगला, पक्ष चुकीचा’ म्हणत. ‘इंडिया शायनिंग’च्या जाहिराती आमच्याच पेपरात पानंच्या पानं आल्या, चाचण्या सरकार परत येणार म्हणाल्या, आणि २००४ ला भाजप १३८ वर थांबला. एवढा आदर होता, तो मतपेटीच्या वाटेवर कुठे सांडला कोण जाणे. आता वाटतं, आदरच जास्त झाला असावा. ज्याच्याशी भांडता येत नाही त्याच्यासाठी उन्हात रांगेला कोण उभं राहतंय?

तर त्या रविवारी सलूनमध्ये चर्चा रंगात होती. २९ एप्रिलला कराडला मोदींची सभा झाली होती, आणि त्याच दिवशी पुण्याच्या सभेत त्यांनी कुणाचं नाव न घेता ‘भटकती आत्मा’ म्हटलं होतं. रोख कुणावर होता हे महाराष्ट्रात कुणाला विचारावं लागलं नाही. त्या रात्री डेस्कवर माझी वेगळीच पंचाईत. आत्मा हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. मराठी बातमीत तो ‘भटकता आत्मा’ व्हायला पाहिजे. मी तसं केलं. मुख्य उपसंपादकांनी पुन्हा ‘भटकती’ केलं, अवतरण आहे म्हणाले. मी ही गोष्ट बाकावर सांगितली. शेजारचे रिक्षावाले दादा गंभीरपणे म्हणाले, “तेच तर म्हणतोय मी. आपला आत्मा त्येंला कळतच न्हाई.” खुर्चीतले गृहस्थ मोदींचे. तोंडाला साबण असल्यामुळे त्यांना उत्तर देता आलं नाही. तात्यांनी त्यांची बाजू घेतली असंही नाही, पण ब्रश जरा हळू फिरवला.

तेवढ्यात दारात एक मुलगा आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, पाठीवर सॅक. सर्व्हे करतोय म्हणाला, पाच मिनिटं देता का. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या सलूनचं व्याकरण बदललं. ‘बसा की.’ ‘पाणी घ्या.’ कुणाची कामगिरी कशी वाटते? ‘चांगली आहे. सगळेच चांगले आहेत.’ पंतप्रधान म्हणून पसंती कुणाला? ‘मोदीसाहेब आहेत, राहुल गांधी आहेत, बघू आता.’ पाच मिनिटांपूर्वी ‘तो काय येतोय’ म्हणणारे रिक्षावाले दादा आता ‘ते काम करतात तसं’ म्हणत होते. मुलगा भराभर बोट फिरवत होता. खोटं कुणीच बोललं नाही. पाहुणा आला की आपण फुटका कप मागे सारून नवा काढतो, तसं झालं. पोरगं ‘थँक्यू’ म्हणून पुढच्या दुकानाकडे गेलं आणि दादा म्हणाले, “हां, तर काय म्हणत होतो, तो काय येत न्हाई.”

दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेचे लोक मतदारांच्या अभ्यासासाठी घरोघर जातात, तेव्हा मत कुणाला दिलं हे तोंडी विचारत नाहीत. हातात नकली मतपत्रिका देतात आणि छोट्या पेटीत टाकायला सांगतात. माणूस तोंडावर काय बोलतो हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक असणार. पण पेटीवाल्यांनीसुद्धा एकदा तात्यांच्या बाकावर नुसतं तासभर बसावं, टॅब सॅकमध्ये ठेवून.

पुढचं सर्वांना माहीत आहे. १९ एप्रिलपासून सात टप्पे चालले होते. १ जूनला संध्याकाळी शेवटचं मतदान संपलं आणि साडेसहानंतर वाहिन्यांवर आकडे फुटले. बहुतेकांनी एनडीएला ३५० च्या वर नेऊन ठेवलं होतं. ४ जूनला एनडीए २९३ वर आली, भाजप एकटा २४०. महाराष्ट्रात ४८ पैकी ३० आघाडीला, १७ महायुतीला. चाचणी घेणाऱ्या एका संस्थेचे प्रमुख चालू कार्यक्रमात रडले. मी डेस्कवर होतो, टीव्ही समोरच होता. तात्यांचा मला एरवी कधी फोन येत नाही, त्या दिवशी आला. “रडलं की वो बिचारं,” ते म्हणाले. कापायला कुणी नव्हतं म्हणे, सगळे घरी टीव्हीपुढे.

संध्याकाळी आत्याला फोन केला. ती पंच्याहत्तरीची आहे, मतदान कधी चुकवत नाही, आणि साताऱ्याचा निकाल तिच्या मनासारखा लागला नव्हता. मला आकडे तोंडपाठ होते कारण ते नुकतेच तपासून खाली पाठवले होते. उदयनराजे ३३ हजारांच्या आत निवडून आले होते. आणि नुसती तुतारी चिन्ह असलेल्या एका अपक्षाला ३७ हजारांहून जास्त मतं पडली होती. पवारांच्या पक्षाचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’, अपक्षाचं चिन्ह नुसतं वाद्य, ज्याला लोक पिपाणी म्हणतात.

“तू कशाला दिलंस?” मी विचारलं. विचारू नये, पण विचारलं.

“तुतारीला.”

“माणूस होता का तिच्यात?”

“कशात?”

“तुतारी वाजवणारा माणूस होता, का नुसतीच तुतारी?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मशीनपुढे उभी राहून पुन्हा बघतेय असं वाटलं.

“माणूस कशाला बघतेय मी,” ती म्हणाली. “चश्मा घरी राहिलावता. तुतारी दिसली, दाबलं.” मग जरा सावरून, “दिल्लीत कोण आला मग?”

“तोच,” मी म्हणालो. समोर पहिल्या पानाचं प्रूफ पडलेलं, लाल पेन हातात.

“तोच काय?” आत्या रागावली. “अरे, पंतप्रधान आहे तो. ‘ते’ म्हणावं.”