कंसातली नावं

आमच्या शेतकी शाळेत नावानं हाक कुणी मारायचं नाही. हजेरी नंबरावर, प्रात्यक्षिकाचा गुंठा नंबरावर, मेसमधलं ताटसुद्धा नंबराचं. त्यामुळे चाळीस वर्षांनी तुकडीची स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा चेहरे आठवत होते, नंबर आठवत होते, आणि निम्म्यांची आडनावं काही केल्या आठवेनात. इथेही मी नंबरच लिहिणार आहे. एक तर जुनी सवय, आणि दुसरं म्हणजे पुढे जे सांगायचंय त्यातलं काही लोकांच्या घरातलं आहे.

शाळा सोलापूर जिल्ह्यातली. दहावीनंतर दोन वर्षांचा मराठीतला अभ्यासक्रम. आम्ही बेचाळीस जण १९८३ ला आत गेलो, १९८५ ला बाहेर पडलो. मी कृषी खात्यात चिकटलो आणि तिथूनच निवृत्त झालो. रिकामा माणूस म्हणून स्मरणिकेचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझा अंदाज होता, दोन महिन्यांत होईल. चौदा महिने लागले.

जनरल रजिस्टर बघायला मिळावं म्हणून दोन खेपा झाल्या, एक अर्ज झाला, एक सही राहिली म्हणून तिसरी खेप झाली. ते सोडून देतो. रजिस्टरची पानं मोबाईलवर काढून आणली आणि व्हॉट्सॲपवर गट केला. दोन दिवसांत अठरा जण जमले. मी खूश. मग यादी नीट बघितली. खात्यातले, बँकेतले, खताच्या कंपनीत फिरतीवर असलेले, तालुक्याला औषधांचं दुकान टाकलेले, एक पोलिसात गेलेला. शेतकी शाळेच्या तुकडीत जे खरोखर शेती करायला घरी गेले, नेमके तेच सापडेनात. नोकरीवाल्याच्या मागं कागद असतो, बदलीचा हुकूम असतो, निरोप समारंभाचा फोटो असतो. शेतकऱ्याच्या मागं काय असतं? रजिस्टरमधला 'मुक्काम पोस्ट' आणि बापाचं नाव.

शोधायच्या तीन वाटा मला सापडल्या. कुणी असलं काम काढलं तर उपयोगी पडतील म्हणून सांगतो. पहिली, गावातलं खत-बियाण्याचं दुकान. कुणाची उधारी किती आणि कुणी यंदा काय पेरलं, हे तलाठ्याला ठाऊक नसेल पण दुकानदाराला असतं. दुसरी, दूध संकलन केंद्र, तेही सकाळीच. नऊ वाजता गेलं तर कुत्रंसुद्धा भेटत नाही. तिसरी वाट महाभूलेख या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी संकेतस्थळाची: जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, आडनाव टाकायचं आणि सातबारा बघायचा. या तिसऱ्या वाटेनं मी तोंडावर पडलो.

सातबाऱ्यावरून एखाद्याचा हक्क गेला की त्याच्या नावाला कंस पडतो. नव्या नमुन्यात त्या कंसावरून आडवी रेघही असते. नऊ नंबरचा सातबारा उघडला तर नाव कंसात, वर रेघ. माझ्या पोटात कालवलं. वसतिगृहात माझ्या शेजारची कॉट त्याची. त्या रात्रीच गटावर 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली, खाली चार ओळी आठवणींच्या. सतरा जणांनी हात जोडले. तिसऱ्या दिवशी अनोळखी नंबरावरून फोन.

"काय लका, तेराव्याला जेवायला यायचं का मीच?"

नऊ नंबर जिवंत होता. गेली होती ती जमीन. पहिल्यांदा विहिरीसाठी, मग बोअरसाठी, मग पहिलं कर्ज फेडायला दुसरं, असं करत २०१३ च्या दुष्काळानंतर सगळं रान विकलं. आता तो पुण्याच्या अलीकडे एका मोठ्या नर्सरीत कलमं बांधतो. कंस पडला तो खरेदीखताच्या फेरफारानं. कंसाच्या शेजारी फेरफार क्रमांक असतो, तो उघडून बघितला असता तर 'खरेदी' की 'वारस' हे तिथंच कळलं असतं. सातबारे बघण्यात ज्याची नोकरी गेली त्या माणसानं एवढं बघू नये, याची मला आजही लाज वाटते. मी माफी मागितली तर म्हणाला, "राहू दे. तू चांगलंच लिहिलंयस माझ्याबद्दल. जिवंतपणी कोण लिहितंय?"

त्यानं माहितीचा फॉर्म मात्र भरून पाठवला. 'एकूण क्षेत्र' या रकान्यात लिहिलं: निरंक.

त्या फॉर्मबद्दलही सांगायला हवं, कारण तो मीच केला होता आणि तो पार चुकला होता. पद, पुरस्कार, विशेष कामगिरी असे रकाने. नोकरीवाल्यांनी भरभरून लिहिलं, एकानं तर जोडपत्र दिलं. शेती करणाऱ्यांचे फॉर्म कोरे आले. एकतीस नंबर सांगोल्याकडचा. त्यानं विशेष कामगिरीत लिहिलं, "काही नाही." मला वाटलं, आळसानं लिहिलं असेल, आणि त्याच्याकडे जाऊन आलो.

माळावर मुरमाड रान, वर डाळिंब. मी पोचलो तेव्हा तो बोर्डो, म्हणजे रोगावर फवारायचं मोरचूद-चुन्याचं मिश्रण, कालवत होता. तीन प्लास्टिकचे ड्रम. एकात पन्नास लिटर पाण्यात किलोभर मोरचूद, दुसऱ्यात पन्नास लिटरमध्ये किलोभर कळीचा चुना, आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्यात सोडत बायको काठीनं ढवळत होती. आभाळी रंगाचं दाट पाणी झालं. मग त्यानं कमरेचा विळा काढला, पातं मातीनं घासून लख्ख केलं, द्रावणात बुडवून धरलं. मनातल्या मनात आकडे मोजले. पातं बाहेर काढलं तर त्यावर तांबूस कड. "अजून चुना," म्हणाला. बायकोनं आधीच चुन्याची निवळी भरून ठेवली होती. ती ओतून पुन्हा विळा. यावेळी पातं स्वच्छ निघालं, तेव्हा पंप भरला.

ही विळ्याची परीक्षा शाळेतली. मोरचूद मोकळं राहिलं तर लोखंडावर तांबं चढतं, आणि असलं पाणी फवारलं तर पानं जळतात. याच पठ्ठ्यानं शाळेत बोर्डो पत्र्याच्या बादलीत कालवलं होतं आणि मास्तरांनी अख्ख्या तुकडीसमोर ती खाल्लेली बादली त्याच्या डोक्यावर ठेवून फिरवलं होतं. "तवापासून पत्र्याला हात लावला नाही," तो हसत म्हणाला.

जेवताना हळूहळू निघालं. रोजगार हमीतून फळबाग लागवड १९९० नंतर आली, तेव्हा त्यानं 'गणेश' डाळिंब लावलं. ते काढून 'भगवा' लावला. मग तेल्या आला. फळावर तेलकट काळे डाग, मग फळ तडकतं; जिवाणूचा रोग, पावसाच्या थेंबाबरोबर झाडावरून झाडावर जातो. चारशे झाडं त्यानं मुळासकट काढून जाळली. दोन वर्षं नुसती ज्वारी केली आणि तिसऱ्यांदा बाग लावली. आता मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला येणारा फुलोरा, धरतच नाही. पावसाळाभर बागेला विश्रांती, छाटणीनंतर बोर्डो, खाली पडलेलं पानन्‌पान गोळा करून जाळायचं, आणि पाऊस सरताना येणारा हस्त बहार धरायचा.

"आणि कामगिरी काही नाही?" मी विचारलं.

"ह्यात काय कामगिरी? बाग गेली म्हणून परत लावली."

परत येताना एसटीतच फॉर्म फाडला. नवीन फॉर्ममध्ये दोनच प्रश्न ठेवले. शाळेतलं काय तुझ्या रानात अजून चालतं? आणि कोणतं पीक सोडलंस, का? लेखी उत्तर नको, फोनवर सांग. मी उतरवून घेत गेलो.

त्यानंतर माणसं बोलायला लागली. मंगळवेढ्याचा चौदा नंबर अजून मालदांडी ज्वारीच पेरतो, मोहोळच्या संशोधन केंद्राचा तो जुना ३५-१ वाण. काणी हा कणसावरचा बुरशीचा रोग येऊ नये म्हणून किलोला चार ग्रॅम गंधक चोळल्याशिवाय बी पाभरीला लावत नाही. कोळपण्या तीनच. तिसरी दातेरी कोळप्यानं, जमिनीच्या भेगा बुजवायला, कारण काळ्या रानातली ओल भेगांतूनच उडते. "एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी" हे मास्तरांचं वाक्य त्यानं फोनवर मास्तरांच्याच आवाजात म्हणून दाखवलं. तक्रार एकच, ज्वारी उपटायला माणूस मिळत नाही, आणि धान्यापेक्षा कडब्याला गिऱ्हाईक जास्त. बाजरी करणाऱ्या एकानं मिठाच्या पाण्याचं सांगितलं: दहा लिटरला दोन किलो मीठ, अरगट या बुरशीचा रोग लागलेलं बी वर तरंगतं ते काढून टाकायचं, तळाचं धुऊन सावलीत वाळवायचं. पुरस्काराच्या रकान्यात हे कुठं मावणार होतं?

एक गोष्ट मात्र सगळी उत्तरं समोर पसरल्यावरच दिसली. आमच्या तुकडीतलं कोण वर आलं आणि कोण खचलं, याचा गुणपत्रिकेशी काही संबंध नाही. संबंध आहे तो कालव्याशी. उजनी धरण १९८० ला पूर्ण झालं, आम्ही शिकत होतो तेव्हा आणि त्यानंतर पाणी टप्प्याटप्प्यानं शिवारात पोचत गेलं. ज्याचं रान कालव्याच्या खाली आलं तो काठावर पास झालेलाही ऊसवाला झाला, माडी बांधली. ज्याचं रान वर राहिलं तो पहिल्या नंबरानं पास होऊनही बोअर मारत राहिला. ऊसवाल्यांचंही सगळं गोड नाही. पाच नंबरचं निम्मं रान पाणी देऊन देऊन चोपण, म्हणजे क्षारानं नापीक, झालंय. शाळेत 'पाण्याचा निचरा' हा धडा त्यानंच फळ्यावर आकृती काढून समजावला होता. त्याची आठवण मी काढली नाही.

आता बावीस नंबर. त्याचंही नाव कंसात होतं. या वेळी मी आधी फेरफार उघडला. वारस. साल २००६.

घरी गेलो तर वहिनी ओसरीत शेंगा निवडत होत्या. शाळेतला म्हटल्यावर "बसा भावजी" म्हणून उठल्या, पाणी दिलं, आणि काही न विचारता आतून वही घेऊन आल्या. तो कसा गेला ते त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती. मोटार चालू करायला गेले. खाली ओल होती.

वही त्याची प्रात्यक्षिकाची. तपकिरी पुठ्ठा, वर २२. आत निळ्या शाईत त्याचं अक्षर: बियाण्याचं प्रमाण, पेरणीची खोली, दोन ओळींतलं अंतर. आणि प्रत्येक पानाच्या समासात, उलट्या-सुलट्या, काळ्या, लाल, हिरव्या पेनांनी दुसरं अक्षर. वहिनी सातवी शिकलेल्या. तो गेल्यावर पहिल्या पेरणीला त्यांनी ही वही उघडली आणि त्यात लिहिलंय तसं करायचं ठरवलं. रब्बी ज्वारीच्या पानावर समासात लिहिलेलं मी जसंच्या तसं उतरवून घेतलं:

"ह्यांनी दहा किलो लिहिलंय. ते हेक्टरचं आहे. आपण एकराला दहा पेरलं. दाट झालं, कणसं भरली नाहीत, नुसता कडबा. एकराला चार."

त्याखाली एकोणीस वर्षांच्या नोंदी. किती पोती, पाऊस कधी, कुठली बैलजोडी विकली, दुष्काळात चारा छावणीत जनावरं किती दिवस होती. त्यानं जितकी वर्षं शेती केली जवळजवळ तितकीच. मी पानं उलटत बसलो आणि त्यांनी विचारलं, "पुस्तकात ह्यांचंच लिहिणार, का माझं पण?"

मला उत्तर सुचलं नाही. विचारून सांगतो म्हणालो, सरकारी माणसासारखं.

बैठकीत यावर चांगलीच वादावादी झाली. पुस्तक माजी विद्यार्थ्यांचं, त्या काही माजी विद्यार्थी नाहीत, उद्या सगळ्यांच्याच बायका म्हणतील, वगैरे. म्हणू देत की, असं माझं मत. एकतीस नंबरची बायको बोर्डो ढवळताना मी बघून आलो होतो. पण बोललो नाही. बोलला तो नऊ नंबर. सुट्टी टाकून आला होता, मागं बसला होता. "मी जमीन नसलेला शेतकी विद्यार्थी चालतो ना तुम्हाला? मग जमीन आणि वही असलेली बाई चालंल." विषय तिथं संपला.

बावीस नंबरला दोन पानं दिली. एका पानावर तो, दुसऱ्यावर समास.

बेचाळीसपैकी पाच जण शेवटपर्यंत सापडले नाहीत. त्यांचे नंबर छापले, खाली जागा कोरी सोडली. दोनशे प्रती काढल्या, माझं वाचन दोनदा झालं, छापखान्यात मुद्रितं मी स्वतः तपासली. मेळाव्याच्या चार दिवस आधी वहिनींना प्रत पोचती केली. संध्याकाळी फोन आला.

"भावजी, पुस्तक छान झालंय. पण शेवटची ओळ बघा. एकराला दहाच छापलंय तुम्ही."

बघितलं. दहाच होतं. रात्री तिघंजण बसलो आणि 'चार' लिहिलेल्या दोनशे चिठ्ठ्या कातरून, डिंक लावून, एकेका प्रतीत चिकटवल्या.