टिप्परच्या घरात काजूचा बोरमा

गोव्याच्या डिचोली तालुक्यात ज्यांचं घर लोहखनिजाच्या खाणीवर चालत होतं, त्यांना 2012 चा सप्टेंबर आणि 2018 चा मार्च म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पहिल्या खेपेला बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानंतर राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचीही बंदी आली. दुसऱ्या खेपेला न्यायालयाने 88 खाण-लीजांचं नूतनीकरणच रद्द केलं. मध्ये थोडा काळ आमचा टिप्पर, म्हणजे खनिज वाहणारा ट्रक, परत जेटीवर खनिज ओतू लागला होता. तोही दाराशी येऊन उभा राहिला तेव्हा मी ठरवलं की आता काजू.

पीएमईजीपीतून, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्ज कसं मिळतं, असं मला अजून बायका विचारतात. म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आधी नवऱ्याची बाजू. बंदीनंतर सरकारने जी मदत दिली ती थांबून राहण्यासाठी होती. ट्रकवाल्यांना दरमहा काही रक्कम मिळाली, आणि कर्ज थकलेल्यांसाठी योजना आली, थकबाकीचा काही भाग सरकार भरणार, उरलेला आपण. मी तिला नावं ठेवणार नाही, टिप्पर जप्त होण्यापासून आम्ही त्याच योजनेने वाचलो. पण गावाने तिचा अर्थ एकच घेतला. ‘मायन परत सुरू जातली’, म्हणजे खाण परत सुरू होईल, तोवर दम धरायचा. टिप्पर भंगारात काढणाऱ्याला लोक हसायचे. आमच्याकडेही टायरांना हवा भरून ठेवण्याचा खर्च कित्येक महिने चालू होता. थांबण्याची मदत आधी आली आणि सहज आली, धंदा बदलण्याची मदत मात्र ज्याची त्याने शोधून काढायची. माझी तक्रार असेल तर एवढीच.

योजनेचा हिशेब साधा आहे, पण समजावून कोणी सांगत नाही. माझा प्रकल्प आठ लाखांचा: शेडची डागडुजी, वाफेचा कुकर, कटर आणि बोरमा (गर वाळवायची गरम पेटी) मिळून पाच, खेळतं भांडवल तीन. ग्रामीण भागातली बाई म्हणून मला अनुदान 35 टक्के, स्वतःचा वाटा 5 टक्के. म्हणजे चाळीस हजार माझे, सात लाख साठ हजार बँकेचे. अनुदानाचे दोन लाख ऐंशी हजार आपल्या हातात येत नाहीत. ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून पडून राहतात. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी धंदा चालू आहे असं पडताळणीत दिसलं की रक्कम कर्जात वळती होते. ‘सरकार पावणेतीन लाख देतं’ असं ऐकून येणाऱ्यांचे चेहरे इथे पडतात.

अर्ज ऑनलाइन असतो. उद्योग केंद्र, खादी मंडळ किंवा खादी आयोग यांपैकी एक निवडायचं, मी जिल्हा उद्योग केंद्र निवडलं. तिथल्या बाईंनी एकच सल्ला दिला, पण लाखमोलाचा: ‘बँक आधी ठरवा, अर्ज नंतर भरा.’ कारण उद्योग केंद्र फक्त शिफारस करतं, पैसे बँक देते, आणि ज्या शाखेला काजूच्या धंद्यातलं काही कळत नाही तिथे अर्ज गेला की तो तिथेच लोळत पडतो.

कागदांत सगळ्यात जास्त दमवलं ते एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या उताऱ्याने. शेड आमच्या घरामागे, जमीन पिढ्यान्‌पिढ्या आमची, पण उताऱ्यावर नावांची ही रांग. त्यातले निम्मे देवाघरी गेलेले, एक चुलत सासरे गिरगावात, एका आतेचं सासर बेळगावला. प्रत्येकाची हरकत नसल्याचं पत्र पाहिजे. बेळगावच्या आतेंना भीती की सही केली तर वाटा जाईल. त्यांच्याकडे जेवून, फणसाची साटं पोचवून, शेवटी त्यांच्या नातवाने कागद वाचून दाखवल्यावर सही झाली. गोव्यात लहान उद्योग का वाढत नाहीत यावर मोठी माणसं भाषणं करतात. त्यांनी एकदा कुणाचा तरी एक-चौदा हातात घेऊन सह्या गोळा करायला निघावं.

पंचायतीचा परवाना, थ्री-फेज वीज, अन्न परवाना हे सगळं वेळखाऊ, पण होतं. टरफलाच्या तेलाचा धूर जातो म्हणून प्रदूषण मंडळाचाही कागद लागला. पाच लाखांवरच्या प्रकल्पाला दहा दिवसांचं उद्योजकता प्रशिक्षण सक्तीचं आहे. मी नाक मुरडूनच गेले होते. पण तिथल्या एका सरांनी फळ्यावर ऐंशी किलोचं एक पोतं मांडलं. बी चांगली असेल तर त्यातून गर निघतो वीस-बावीस किलो. त्यात अख्खा किती, पाकळी किती, तुकडा किती, सोलणाऱ्या बाईची मजुरी किती, वीज किती, असं करत करत त्यांनी पोत्यामागे हातात किती उरतं ते काढून दाखवलं. शेजारी बसलेला मुलगा पिठाची गिरणी टाकणार होता, त्यानेही ते उतरवून घेतलं.

बँकेत गाडी अडली ती नवऱ्याच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर. सरकारी योजनेतून फेडलेलं कर्ज तिथे ‘तडजोडीने बंद’ असं दिसतं, पूर्ण फेडलेलं नाही. सरकारनेच काढलेल्या मार्गाने गेलेल्या माणसाला सरकारच्याच दुसऱ्या योजनेत बँक संशयाने बघते. व्यवस्थापक म्हणाले, ‘मॅडम, एक जामीनदार आणा, नाहीतर जमिनीचं गहाणखत.’ दहा लाखांपर्यंतच्या लघुउद्योगाच्या कर्जाला तारण मागायचं नाही असा तेव्हा रिझर्व्ह बँकेचा नियम होता, त्यासाठी सरकारची पतहमी आहे. उद्योग केंद्रातल्या बाईंनी तो नियम मला छापून दिला होता. मी तो टेबलावर ठेवला, भांडले नाही. त्यांनी तो दोनदा वाचला, वर कुणालातरी फोन केला, आणि तारणाचा विषय संपला. मंजुरी मात्र मग रेंगाळली.

आणि ती आली जूनमध्ये. काजूच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, हसेल. बी येते मार्च ते मे. पावसाच्या आत वाळवून गोदामात गेली की वर्षाचा बाजार संपला. माझा कुकर आणि कटर ऐन पावसात आले (यंत्राचे पैसे बँक थेट पुरवठादाराला देते), तेव्हा बी व्यापाऱ्यांच्या ताब्यात होती आणि भाव त्यांच्या मर्जीचा. हप्ते कुणाच्या हंगामाला थांबत नाहीत.

खेळत्या भांडवलाचं खरं दुखणं तर याहून मोठं आहे. रोज एक पोतं फोडायचं म्हटलं तर दोनशे दिवसांना सोळा टन बी लागते. किलोला एकशे पंधरा धरले तरी जवळपास साडेअठरा लाख होतात, आणि तेही दोन-अडीच महिन्यांत रोख मोजायचे. माझ्याकडे होते तीन लाख, म्हणजे जेमतेम महिनाभराचं काम. योजना यंत्राला सढळ आहे. पण काजूत यंत्र ही स्वस्त गोष्ट, महाग आहे ती बी. मी व्यवस्थापकांना हेच गणित कागदावर दाखवलं. ते म्हणाले, ‘पहिल्या वर्षी एवढंच.’ नियम वर असा की कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी लागेल तसं उचलायच्या कर्जाची मर्यादा तीन वर्षांत एकदा तरी पूर्ण वापरलेली दिसली पाहिजे आणि वापर 75 टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. पुढच्या मेमध्ये माझी मर्यादा एका आठवड्यात भरली, त्याची काळजी बँकेने करायला नको होती.

मला तारलं ते मजुरीच्या कामाने. सत्तरी तालुक्यातल्या बागायतदारांना स्वतःच्या बियांचा गर घरासाठी, मुंबईच्या नातेवाइकांसाठी हवा असतो, पण टरफलाचा चीक हाताला लागला की कातडी सोलते, म्हणून घरी कोणी फोडत नाही. मी किलोमागे मजुरी घेऊन फोडून, बोरम्यात वाळवून, साल काढून द्यायला लागले. बी त्यांची, माझं भांडवल शून्य. पहिलं वर्ष हप्ते त्यावरच गेले. बोरम्यातून ट्रे वेळेत काढला नाही तर गर पिवळा पडतो आणि भाव निम्म्यावर येतो. हे कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. ते शिकवलं पूर्वी एका मोठ्या कारखान्यात काम केलेल्या आमच्या शेजारच्या मावशींनी. आज सोलणाऱ्या बायकांवर देखरेख त्यांचीच आहे.

2023 मध्ये गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालं आणि सरकारने बीचा आधारभूत भाव किलोला 150 केला. शेतकऱ्याच्या दृष्टीने चांगलंच. माझ्यासारखीला मानांकनाचा उपयोग तेव्हा, जेव्हा कळंगुटच्या दुकानात आफ्रिकेची बी फोडून ‘गोव्याचा काजू’ म्हणून विकणाऱ्याला कोणी अडवेल. अजून तरी पर्यटक पाकिटावरचं चित्र बघून घेतो.

2022 च्या डिसेंबरात खाणींचे लिलाव झाले, 2024 मध्ये डिचोलीचा ब्लॉक सुरू झाला. नवऱ्याने टिप्पर दुरुस्त करून घेतला. मी अडवलं नाही, फेरी मिळते तेव्हा घरात रोख येते. पण पूर्वी आख्खा तालुका ज्या एका आशेवर बसला होता, तेवढं काम आता सगळ्यांना पुरणारं नाही हे त्यालाही दिसतं. एप्रिल-मेमध्ये तो टिप्पर घेऊन वाळपईच्या बाजूने माझी बी गोळा करून आणतो आणि डिझेलचे पैसे माझ्याकडून मागून घेतो.

दारावर योजनेचा बोर्ड लावलेला आहे, तो सक्तीचा असतो, पडताळणीला आलेला माणूस आधी त्याचाच फोटो काढतो. अनुदानाची ठेव कर्जात वळती झाली आणि पहिलं कर्ज फिटलं की चांगल्या चाललेल्या युनिटला दुसरं कर्ज मिळू शकतं, त्यावर अनुदान 15 टक्के. तेव्हा यंत्रं कमीत कमी मागणार. खेळतं भांडवल नियमात बसेल तेवढं जास्तीत जास्त मागणार आहे, आणि मंजुरी फेब्रुवारीच्या आत पाहिजे असं अर्जासोबतच्या पत्रात पहिल्या ओळीत लिहिणार आहे. उद्योग केंद्रातल्या बाई म्हणाल्या, अर्ज गणपती आटोपल्याबरोबर टाका.