फ्लोरेन्समध्ये आधी मासाच्चो पाहा

फ्लोरेन्सला पोचलं की सगळे आधी उफिझी या कलासंग्रहालयाच्या रांगेत उभे राहतात. माझा आग्रह आहे की सुरुवात पंधराव्या शतकातल्या मासाच्चो या चित्रकारापासून करा. त्याची भित्तिचित्रं रंगवली त्याच भिंतींवर आजही बघता येतात, आणि पुढच्या शंभर वर्षांची चित्रकला तिथूनच उलगडत जाते.

रेल्वे स्टेशनसमोरच सान्ता मारिया नोव्हेल्ला चर्च आहे. तिकीट लागतं, खांदे झाकलेले हवेत. डाव्या भिंतीवर १४२७च्या सुमाराचं त्याचं ‘पवित्र त्रैक्य’ (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) आहे. लगेच जवळ जाऊ नका. चर्चच्या मधोमध, चित्राच्या बरोबर समोर थांबलात की सपाट भिंतीत कमानदार दालन आत आत जाताना दिसतं. यथार्थदर्शनाचे, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवण्याचे (पर्स्पेक्टिव्हचे) नियम तेव्हा नुकते हाती येत होते, हे लक्षात घेतलं की अंगावर काटा येतो. खाली रंगवलेला सांगाडा म्हणतो, ‘तुम्ही आहात तो मी होतो, मी आहे ते तुम्हीही व्हाल.’

मग आर्नो नदी ओलांडून सान्ता मारिया देल कार्मिनेमधलं ब्रांकाच्ची चॅपल. इथे आगाऊ बुकिंग करूनच जा. एका वेळी मोजक्यांनाच सोडतात आणि वेळही मोजकाच मिळतो. म्हणून काय पाहायचं ते आधी ठरवा. उजव्या खांबावर मासाच्चोचा सहकारी चित्रकार मासोलिनो याचे आदम आणि हव्वा शांत, देखणे उभे आहेत. समोरच्या खांबावर मासाच्चोचे तेच दोघं स्वर्गातून हाकलले जाताहेत: त्याने तोंड झाकलंय, ती हंबरडा फोडतेय. मी सगळ्यात जास्त वेळ इथेच दिला. शेजारच्या मोठ्या चित्रात सावल्या कुठे पडल्यात तेही बघा; चॅपलच्या खऱ्या खिडकीतून उजेड येतोय असं धरूनच त्या रंगवल्यात. १४२८मध्ये, तिशीही न गाठता मासाच्चो रोममध्ये वारला. चॅपलचं अपुरं काम १४८०च्या दशकात फिलिप्पिनो लिप्पी या चित्रकाराने पुरं केलं.

सान मार्को मठासाठी सकाळ राखून ठेवा. आम्ही गेलो तेव्हा दुपारी दोनच्या आत बंद होत होता. जिना चढताच भिक्षू-चित्रकार फ्रा आंजेलिकोचं ‘देवदूताचा संदेश’ हे भित्तिचित्र समोर येतं. पुढे भिक्षूंच्या खोल्या, प्रत्येकीत एक चित्र. मठाचा खर्च उचलणाऱ्या कोसिमो दे मेदिचीची दुहेरी खोली कॉरिडॉरच्या पार टोकाला आहे, तिथवर जाच.