लक्ष्मीपूजन, हडळ आणि दोन भोपळे

हॅलोविन म्हणजे अमेरिकेतला ३१ ऑक्टोबरचा भुताखेतांचा सण. घरं भीतिदायक सजवायची आणि पोरांनी सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागायचा. २०२३च्या हॅलोविनला मी दारासमोरच्या झुडपांवर खोटी कोळिष्टकं पसरली होती. दुकानात पिशवीत मिळतात ती, दिसायला कापूस आणि असायला पॉलिएस्टर. दोन दिवसांनी सकाळी त्यात एक चिमणी अडकलेली दिसली. फडफडून फडफडून तिने आपल्याभोवती आणखीच गुंता करून घेतला होता. नवऱ्याने तिला पंच्यात धरलं आणि मी नखं कापायच्या छोट्या कात्रीने एकेक धागा कापला. उडून गेली बिचारी. पण लेक म्हणाली, "आई, ते आपणच लावलं होतं ना?"

त्यामुळे २०२४मध्ये मी आधीच ठरवलं, की घरात जे आहे त्यातूनच हा सण करायचा आणि कचऱ्याच्या पिंपात शक्यतो काही जाऊ द्यायचं नाही. आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळीच इथे लक्ष्मीपूजनही होतं आणि सांगलीहून आई आलेली होती. "लक्ष्मी यायच्या वेळेला दारात कवट्या कसल्या टांगतेस?" असं तिने विचारल्यावर कवट्या रद्द झाल्या. माझं निम्मं काम तिथेच झालं.

कपड्यांचं मात्र इतकं सोपं नव्हतं. तयार पोशाख म्हणजे पातळ पॉलिएस्टर, एक संध्याकाळ घालायचा आणि पुढच्या वर्षी तो पोराला आखूड होतो. धाकट्याला सुपरहिरोच व्हायचं होतं, दुसरं काही चालणार नव्हतं. तो पोशाख आमच्या भागातल्या 'बाय नथिंग' गटात मिळाला. २०१३मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर दोन मैत्रिणींनी सुरू केलेली ही पद्धत. शेजाऱ्यांनी एकमेकांना वस्तू द्यायच्या, पैशाचा विषय नाही. आमच्यासाठी कुणीतरी ओसरीवर पिशवी ठेवली होती. गुडघ्याला भोक होतं, ते आईने रफू केलं. पॉलिएस्टर ते पॉलिएस्टरच, पण माझ्यासाठी नवीन तयार झालं नाही एवढंच समाधान.

लेकीला टोकदार टोपीवाली चेटकीण व्हायचं होतं. आई म्हणाली, "आपली हडळ काय वाईट आहे?" माझ्या कपाटात संक्रांतीला नेसायची चंद्रकळा होती. "कात्री लावायची नाही" या अटीवर ती मिळाली. तिची घडी करून, सात सेफ्टी पिना लावून आईने नातीला ती नेसवली, केस मोकळे सोडले, तोंडाला तांदळाची पिठी आणि डोळ्यांखाली काजळ. हडळीचे पाय उलटे असतात हे ऐकल्यावर लेक टोपी विसरलीच. पार्सलच्या पुठ्ठ्याची दोन पावलं कापून आम्ही तिच्या टाचांना मागच्या बाजूला बांधली. घरातल्या घरात ते इतकं भयंकर दिसत होतं की धाकटा खरंच रडला.

सजावटीला पालापाचोळ्याच्या पिशव्या वापरल्या. इलिनॉयमध्ये १९९०पासून बागेतला पाचोळा कचरा डेपोत न्यायला बंदी आहे. त्यामुळे तो उंच कागदी पिशव्यांत भरून वेगळा ठेवावा लागतो. त्या पिशव्यांवर पोरांनी कोळशाने भुतांची तोंडं काढली. आठवडाभर भुतं दारात उभी होती, मग पाचोळ्यासकट गेली. वर आमचा नेहमीचा आकाशकंदील. पलीकडच्या घरातला मुलगा त्याच्याकडे बघून म्हणाला, हे भूत फार छान आहे. मी काही बोलले नाही.

आता भोपळे. हॅलोविनला भोपळा पोखरून त्यावर तोंड कोरतात आणि आत दिवा ठेवतात. गंमत अशी, की पाचोळ्याला बंदी असली तरी कोरलेला भोपळा बिनदिक्कत कचऱ्यात जातो. डेपोत ढिगाखाली हवा न लागता तो कुजला की मिथेन निघतो, आणि २० वर्षांच्या हिशेबात तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता धरून ठेवतो. आयर्लंडमधले लोक पूर्वी सलगम कोरायचे. अमेरिकेत आल्यावर त्यांना भोपळा सापडला. मोठा, मऊ आणि कोरायला सोपा. कोरलेला भोपळा खायचं कोणाच्या मनातही येत नाही. आईला हे पटेना. "एवढा लाल भोपळा आणि खायचा नाही?"

म्हणून दोन आणले. एक कोरायला मोठा, एक खायला छोटा, ज्याला इथे 'पाय पम्पकिन' म्हणतात, म्हणजे 'पाय' नावाच्या गोड पदार्थाचा भोपळा. आमच्या घरी अख्ख्या भोपळ्याला बाईने पहिली सुरी लावायची नाही असा रिवाज आहे, तेव्हा तो मान नवऱ्याला. पाच वर्षांत त्याने भाजी चिरलेली मी पहिल्यांदा पाहिली. कोरीवकाम आम्ही मुद्दाम ३० तारखेला रात्री केलं, कारण कोरलेला भोपळा चार दिवस बाहेर राहिला की त्याला बुरशी येते. तो टिकावा म्हणून बरेच जण ब्लीचच्या पाण्यात बुडवतात. मग तो खायचाही नाही आणि खारींनाही द्यायचा नाही.

इथे माझी एक चूक झाली. मोठ्या भोपळ्याचा आतला गर भरपूर निघाला, म्हणून मी उत्साहाने त्याचेच घारगे करायला घेतले. कोरायचे भोपळे मोठे आणि कणखर देठाचे यावेत म्हणून जोपासलेले असतात, चवीसाठी नाही. गर धाग्याधाग्यांचा आणि पाणचट. गूळ घातल्यावर त्याला आणखी पाणी सुटलं, मी कणीक घालत गेले, घालत गेले, आणि शेवटी परातभर गोळा झाला ज्याला ना भोपळ्याची चव ना गुळाची. आईने शांतपणे त्यात तिखट, मीठ, तीळ, ओवा आणि थोडं ज्वारीचं पीठ घालून थालीपिठं लावली. दोन दिवस डब्याला तीच. घारगे मग छोट्या भोपळ्याचे केले आणि ते मात्र लक्ष्मीच्या नैवेद्याला गेले. बिया धुऊन, वाळवून, मीठ-तिखट लावून भाजल्या. त्या कोरीवकाम संपायच्या आतच संपल्या.

३१ तारखेला पावसाने जमीन ओली होती आणि वारा सुटला होता. साडेचारपासून पोरं यायला लागली. भोपळ्यात मेणबत्तीऐवजी आईने तेलाची पणती ठेवली. तासाभरात झाकण आतून भाजून निघालं आणि ओसरीभर भरताचा वास पसरला. आत पूजा आणि बाहेर 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणत खाऊ मागणारी पोरं. मी एका हातात निरांजन आणि दुसऱ्या हातात खाऊची टोपली घेऊन दाराशी ये-जा करत होते. दारातली रांगोळी पहिल्या वीस मिनिटांत एका डायनासोरच्या शेपटीने पुसली. लेकीची पुठ्ठ्याची पावलं चौथ्या घरापर्यंत भिजून लगदा झाली. पुढची हडळ सरळ पायांची.

शनिवारी भोपळा घेऊन 'पम्पकिन स्मॅश'ला गेलो. आमच्या ड्यूपेज काउंटीतल्या स्कार्स नावाच्या संस्थेने २०१४मध्ये हे सुरू केलं. हॅलोविननंतर लोक भोपळे आणून मोठ्या कंटेनरमध्ये फेकून फोडतात आणि ते खतासाठी जातात. मेणबत्ती, रंग, चिकटवलेलं काही नको, एवढाच नियम. धाकट्याने जीव खाऊन भोपळा आपटला. आईने आधी त्याला हात लावून नमस्कार केला. "अन्न आहे ते," एवढंच म्हणाली. मग दुसऱ्यांचे फुटणारे भोपळे बघत चांगली अर्धा तास उभी राहिली.

खाऊचं मात्र माझं साफ चुकलं. घरच्या शंकरपाळ्या वाटाव्या असं फार वाटत होतं, पण इथे उघडा, घरचा खाऊ आईबाप मुलांना खाऊ देत नाहीत, थेट कचऱ्यात जातो. आणि तयार चॉकलेटांचे चकचकीत कागद प्लॅस्टिक आणि धातूच्या थरांचे, आमच्या रिसायकलिंगच्या पिंपात चालत नाहीत. म्हणून मी पुठ्ठ्याच्या छोट्या डब्यांतले मनुके आणले, शंभर डब्या. पहिल्याच मुलाने टोपलीत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि "नो थँक यू" म्हणून गेला. शेवटी नवरा जाऊन पुठ्ठ्याच्याच डब्यांतल्या गोळ्या घेऊन आला, त्या अर्ध्या तासात उडाल्या. माझ्या पोरांनी मात्र दोन उशांचे अभ्रे भरून चकचकीत कागदातलं चॉकलेट आणलं. त्या कागदांचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

मनुके उरले त्र्याण्णव डब्या. आई परत जाईपर्यंत दर शनिवारी शिरा झाला, आणि त्यात काजू कमी आणि मनुके जास्त.